तीन दिवसांच्या सरकारचे सर

राजीनामा देण्यासाठीच जन्माला आलेली माणसं या जगात फार नसतील. जी असतील त्यांत आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांचा नंबर पहिला लागेल, आणि तसं कुणी जाहीर केलं तर सर त्या नंबराचाही राजीनामा देऊन मोकळे होतील. चाकूरकडच्या एका कॉलेजात त्यांनी सारी नोकरी राज्यशास्त्र शिकवण्यात घालवली. तिथल्या स्नेहसंमेलन समितीचा, ग्रंथालय समितीचा, क्रीडा समितीचा, आणि एकदा तर सदस्य समित्या का सोडतात याचा शोध घेणाऱ्या समितीचाही त्यांनी राजीनामा दिला होता. हे मला काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. मुलीच्या लग्नात वांग्याची भाजी ठेवायची की बटाट्याची, यावर घरात मतदान झालं, सर एका मतानं हरले आणि त्यांनी वधूपित्याच्या पदाचा राजीनामा दिला, हेही त्यांनीच सांगितलं. कन्यादानाच्या वेळी गुरुजींनी वडिलांना बोलवा म्हटल्यावर काकूंनी फक्त एकदा मान वळवून मागं पाहिलं. राजीनामा तिथल्या तिथं परत घेतला गेला. "त्या दिवशी लोकशाहीवर दबाव आला होता," असं सर आजही म्हणतात, पण काकू स्वयंपाकघरात असतील तरच.

निवृत्तीनंतर ते नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले. आल्या आल्या सकाळी धरणाकडे फिरायला जाणाऱ्या मंडळींनी त्यांना आपला म्होरक्या केलं. सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा, हे एकच कारण होतं. सरांनी प्रस्ताव मांडला की चहा परतताना घ्यावा. बहुमत जाताना घ्यावा या बाजूचं निघालं. धरण दिसायच्या आत म्होरक्यापद रिकामं झालं होतं, आणि सर टपरीच्या बाकावर एक साधे सदस्य म्हणून सगळ्यांच्या आधी बसलेले होते. हरल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते मी जिंकलेल्या माणसांच्या चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही.

या सगळ्याच्या मुळाशी न्यूझीलंड आहे. एकोणिसाव्या शतकात तिथं जाऊन वसलेल्या गोऱ्या लोकांना इंग्रजांनी नुकतंच त्यांचं स्वतःचं सभागृह दिलं होतं. स्वराज्य कोरं करकरीत, सवय कुणालाच नाही, आणि गव्हर्नरच्या जागी काम पाहणाऱ्या साहेबाच्या हातून सत्ता सुटता सुटत नव्हती. पहिलं मंत्रिमंडळ वैतागून निघून गेलं. मग साहेबानं एका कापड दुकानदाराला बोलावलं. या गृहस्थानं आधी धुतलेला शर्ट अंगात घातला, मग साहेबाला भेटला आणि सरकार बनवलं. शर्टाची हकीकत त्यानं भर सभागृहात स्वतःच सांगितली, म्हणून लोकांनी त्या सरकारला शर्टाचंच नाव पाडलं. सभागृह म्हणालं, आमचा तुमच्यावर विश्वास नाही. तिसऱ्या दिवशी सरकार गेलं. संपली गोष्ट. जाड जाड पुस्तकांतही तिला चार ओळींच्या वर जागा मिळत नाही.

त्या चार ओळींवर सरांनी आयुष्य काढलं. त्यांच्या वर्गात इंग्लंडची संसद दोन तासांत आटपायची आणि न्यूझीलंडला महिना लागायचा. परीक्षेत ग्रामपंचायतीची कामं विचारली तरी त्यांच्या पोरांच्या उत्तरपत्रिकेत तो कापड दुकानदार हजर असायचा. एकदा गॅसवाल्यानं खांद्यावर सिलिंडर घेऊन आमच्या जिन्यात ही गोष्ट उभ्या उभ्या ऐकली, आणि तिसऱ्या दिवशी सरकार पडलं तेव्हाच सिलिंडर खाली ठेवला. नांदेडहून लातूरला जाताना एसटीत शेजारी बसलेला एक माणूस तिकीट लातूरचं असूनही अहमदपूरलाच उतरून गेला. त्याला वाटेत कुणाला तरी भेटायचं आठवलं असावं, असं सरांचं मत आहे. त्यांचा सिद्धांत साधा आहे. "सरकार दुधासारखं असतं बेटा," ते मला म्हणाले होते. "ताजं आहे तोवर घ्यावं. नासलं की लोक फेकत न्हाईत. त्याचंच विरजण लावतात अन् मग पिढ्यान् पिढ्या दही खात बसतात."

मी त्यांच्या गोष्टीत शिरले ती त्यांच्या मोतीबिंदूमुळे. डोळ्यावर हिरवी पट्टी होती आणि न्यूझीलंडच्या इतिहासाच्या झेरॉक्स वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. मी इंग्रजी माध्यमात शिकलेली, घरून काम करते आणि फारसं बोलत नाही. या तिन्ही गोष्टी सरांना एकाच माणसात पाहिजे होत्या. मी एक ओळ वाचायची आणि पुढच्या ओळीत काय आहे ते त्यांनी सांगायचं, असं आमचं वाचन चाले. दुपार कलली की काकू आतून विचारत, "अहो, पडलं का आजचं सरकार? पडलं असेल तर चहा टाकते."

असे दिवस चालले असताना आमच्या बिल्डिंगला स्वराज्य मिळालं. इतकी वर्षं बिल्डरच सगळं पाहत होता. एका सकाळी त्यानं पार्किंगमध्ये सगळ्यांना बोलावून, आता तुमची सोसायटी तुम्हीच चालवा, असं सांगितलं आणि गाडीत बसून निघून गेला. गच्चीची आणि मोटर-रूमची किल्ली मात्र त्याच्याच खिशात राहिली. सर आनंदानं थरथरत होते. "बघितलंत? सत्ता दिली, किल्ली न्हाई दिली. बिलकुल न्यूझीलंड." अध्यक्ष कोण होणार म्हटल्यावर सगळे फरशीकडे पाहू लागले. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांत पोरांच्या कोचिंगसाठी गाव सोडून आलेल्या आया राहतात. देगलूरच्या, मुखेडच्या, कंधारच्या. त्यांना भौतिकशास्त्राच्या टेस्टपलीकडे कशातच रस नसतो. बाकीचे नोकरदार. सरांचा हात एकट्यानंच वर गेला.

दसऱ्याच्या दिवशी पार्किंगमध्ये शपथविधी झाला. सर कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आले. पाणी खातं पहिल्या मजल्यावरच्या मावशींना मिळालं, लिफ्ट खातं इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रयोगशाळा साहाय्यकांना, आणि पार्किंग खातं ज्यांच्याकडे गाडीच नव्हती अशा एका गृहस्थांना, कारण त्यांचे हितसंबंध नव्हते. प्रत्येकानं हातात आपट्याची पानं धरून शपथ घेतली. मला चिटणीस केलं. मी नको म्हणाले असते, पण नको म्हणायलाही बोलावं लागतं. त्या दिवसापासून ते मला "चिटणीस बाई" म्हणू लागले आणि लिफ्टमध्ये भेटले तरी आधी कोरम पाहू लागले.

हे सरकार दिवाळीआधी पडलं. ते कशावर पडलं हे सांगायचं तर आधी पोचीराम आणि नरसव्वा यांच्याविषयी सांगायला हवं. पोचीराम आमचा वॉचमन. नरसव्वा त्याची बायको. दोघं देगलूरच्या पुढच्या एका खेड्यातले, आपसांत तेलुगू बोलतात आणि आमच्याशी त्यांची स्वतःची मराठी. बिल्डरनं त्यांना जिन्याजवळची खोली राहायला दिली होती. त्यांची मुलगी जवळच्याच शाळेत दहावीत होती आणि परीक्षा मार्चमध्ये होती.

दुसऱ्या मजल्यावर लातूरचे एक कंत्राटदार राहतात. माणूस वाईट नाही. काम करून दाखवायची त्यांना हौस आहे. त्यांनी ठराव आणला की दारावर कॅमेरे लावावेत, रात्रीसाठी एजन्सीचा माणूस ठेवावा, आणि जिन्याजवळची खोली रिकामी करून तिथं पोरांसाठी अभ्यासिका काढावी. "लातूरला गल्लीगल्लीत अभ्यासिका हायेत," ते म्हणाले, "अन् आपण त्या खोलीत वॉचमनचा संसार थाटून राहिलो." आयांच्या माना एकदम वर झाल्या. अभ्यासिकेला नाही कोण म्हणणार? आमच्याकडे लोक एकवेळ देवळाला विरोध करतील, अभ्यासिकेला नाही.

रविवारी सकाळी सभा झाली. सर उभे राहिले आणि पहिलं वाक्य ते फार सुंदर बोलले. म्हणाले की एका पोरीची दहावी मोडून दुसऱ्या पोरांची बारावी घडवायची असेल तर त्या खोलीला दुसरं काहीतरी नाव द्या, अभ्यासिका म्हणू नका. दोन-तीन आयांनी एकमेकींकडे पाहिलंही. तिथं ते खाली बसले असते तर बाजी जिंकली असती. पण सर खाली बसले नाहीत. त्यांनी हा आपल्या सरकारवरच्या विश्वासाचा प्रश्न केला, आणि विश्वास म्हटलं की न्यूझीलंड आलंच. साहेब आला, पहिलं मंत्रिमंडळ आलं, शर्ट आला. पोचीराम आणि त्याची मुलगी मागे राहिली ती राहिलीच. सर परत त्यांच्याकडे आलेच नाहीत. वरच्या मजल्यांवरून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येऊ लागल्या. कापड दुकानदार सभागृहात उभा राहतो न राहतो तोच कुणीतरी म्हणालं, सर, मत घ्या ना. हात वर झाले. माझ्या बाबांचाही हात वर गेला, जरा हळू. ठराव मंजूर झाला.

सरांनी त्याच क्षणी राजीनामा दिला. तो त्यांच्या खिशात तयारच होता. कंत्राटदारांशी त्यांनी हस्तांदोलन केलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि जिन्यानं वर गेले. पायउतार झालेल्या माणसानं लिफ्ट वापरू नये म्हणाले. बाकीचेही जेवायला पांगले. त्या दुपारी त्यांच्या घरातून शिऱ्याचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सभेचा वृत्तांत घेऊन सहीसाठी वर गेले. सर प्रसन्न बसले होते. राजीनाम्यातलं एक वाक्य त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. तेवढ्यात दारात नरसव्वा आली. आत यायला तयार नव्हती. तिनं काकूंना विचारलं की रिकामे खोके आहेत का, भांडी बांधायची आहेत. काकूंनी विचारलं, कुठं निघालात? ती म्हणाली, देगलूरला, भावाकडं. मुलीला तिथल्या शाळेत घेतात का बघू. आता फॉर्म भरून झालेत, नाही घेतलं तर पुढच्या साली बसेल. हे ती अशा आवाजात सांगत होती की जणू बस चुकली तर पुढच्या बसनं जाऊ.

सर आतून म्हणाले, "नरसव्वा, मी तुमच्यासाठी सरकार सोडलं."

"हाव सर," ती म्हणाली. "पोरीच्या बापानं सांगितलं घरी येऊन. लई चांगलं बोल्लात म्हने तुमी."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी नीट पाहत होते. असता तर सरांना सोपं गेलं असतं. टोमण्याला उत्तर देणं हा त्यांचा धंदाच होता.

काकूंनी गॅलरीतून दोन खोके आणून दिले. मग त्या आतल्या खोलीत गेल्या, कपाटावरचा तिसरा खोका खाली काढला आणि त्यातल्या न्यूझीलंडच्या साऱ्या झेरॉक्स पलंगावर ओतल्या. रिकामा खोका नरसव्वाच्या हातात दिला. ती गेल्यावर त्या सरांना म्हणाल्या, "अहो, तुमचा तो कापडवाला तिसऱ्या दिवशी घरी गेला. त्याच्या भरवशावर जे बसले होते ते कुठं गेले, हे लिहिलंय का कुठं?"

सरांनी पलंगावरचे दोन-तीन कागद उचलून पाहिले. उत्तर शोधत असावेत असं मला वाटलं. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "चिटणीस बाई, माझा राजीनामा मंजूर कोणी केला?"

कुणीच नाही, मी म्हणाले. सगळे जेवायला गेले होते.

"मग मी गेलो न्हाई."

काळजीवाहू म्हणून खुर्चीत बसून राहणाऱ्यांना सर जन्मभर "पंगत उठली तरी पाटावर बसलेले जावई" म्हणत आले होते. तेच सर त्या सकाळी चपला न घालता खाली उतरले, नरसव्वाच्या दारातले तिन्ही खोके उचलून परत वर घेऊन आले, आणि वाटेत कंत्राटदार भेटले तेव्हा मान खाली घालून म्हणाले, "काळजीवाहू सरकारला धोरणात्मक निर्णय घेता येत न्हाईत. खोली रिकामी करणं हा धोरणात्मक निर्णय आहे."

कंत्राटदार आधी हसले. मग म्हणाले, सभा बोलवा आणि राजीनामा मंजूर करून घ्या. सर म्हणाले, जरूर, अजेंडा तयार होऊन राहिलाय. तो अजेंडा आजही तयार होऊन राहिला आहे. कधी पितृपंधरवडा असतो, कधी आयांच्या पोरांच्या टेस्ट, कधी लग्नसराई. कंत्राटदारांनी एकदा सह्या गोळा करायला घेतल्या. सरांनी त्यांना आनंदानं पेन दिलं आणि नवे अध्यक्ष म्हणून तुमचंच नाव वर लिहा म्हणाले. त्याच आठवड्यात मोटर जळली. दोन दिवस बिल्डिंगला पाणी नव्हतं आणि लोक सकाळी सहापासून सरांच्या दाराची बेल वाजवत होते. कंत्राटदार ते जिन्यातून पाहत होते. सह्यांचा कागद पुन्हा दिसला नाही.

नरसव्वाची मुलगी मार्चमध्ये याच खोलीतून परीक्षेला गेली आणि चांगल्या मार्कांनी पास झाली. सर म्हणाले होते फक्त मार्चपर्यंत. मग अकरावी आली, मग बारावी. अभ्यासिका शेवटी गच्चीवर पत्रे टाकून झाली. तिथं दुपारी तापतं, पण पोरं बसतात, आणि संध्याकाळी नरसव्वाची मुलगीही बसते. त्यासाठी बिल्डरकडून गच्चीची किल्ली, आणि तिच्याबरोबर मोटर-रूमचीही, सरांनीच मिळवली. ते रोज जाऊन त्याच्या ऑफिसात बसायचे. काही बोलायचे नाहीत. बोलणारे सर सगळ्यांनी पचवले होते. गप्प बसलेले सर बिल्डरला पचले नाहीत.

त्यांचं हे सरकार आता इतकं जुनं झालंय की ते एकदा दिवाळीपूर्वी पडलं होतं हे नव्या भाडेकरूंना माहीतच नाही. सरांना लिफ्टच्या कंपनीचे, टँकरवाल्याचे, गटार साफ करणाऱ्यांचे नंबर पाठ आहेत. शर्ट बहुतेक वेळा ग्रीसनं डागाळलेला असतो. लोक त्यांच्यावर ओरडतात, पाठीमागं चिकट म्हणतात, आणि कंत्राटदार तर तोंडावरच विचारतात, "काय सर, तुमचं न्यूझीलंड कुठं गेलं?" सर ऐकून घेतात. त्या दिवसानंतर त्यांनी कशाचाच राजीनामा दिलेला नाही. फिरायला जाणाऱ्यांत बहुमत कुठंही चहा घेवो, ते मुकाट पितात. काकूंनाही आता याची काळजी वाटते. परवा म्हणाल्या, "अहो, ज्येष्ठ नागरिक संघाचा तरी द्या. बरं वाटेल."

मी अजूनही दुपारी वर जाते. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी आपण होऊन झेरॉक्सचा गठ्ठा काढला होता. सर म्हणाले, राहू दे, पेपर वाच. मी पेपर वाचला. वाचताना मला कुणी मध्ये थांबवलं नाही, आणि पुढच्या ओळीत काय आहे ते पुढच्या ओळीपर्यंत कळत नव्हतं. इतकं सलग वाचायची मला सवय राहिली नव्हती.

मागच्या महिन्यात तळमजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहायला आले. पार्किंगमध्ये त्यांनी सरांना गाठलं. तुम्ही राज्यशास्त्राचे ना, म्हणाले, चाकूरला तुमचा एक विद्यार्थी भेटला होता, तुम्ही कुठल्याशा तीन दिवसांच्या सरकारची गोष्ट फार रंगवून सांगता म्हणे. मी मागेच उभी होते. मला वाटलं, आता. मी हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली, कारण शर्टापर्यंत यायलाच अर्धा तास लागणार होता.

सरांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळल्यासारखं झालं.

"होतं एक," ते म्हणाले. "लई लवकर गेलं."

आणि मोटर चालू करायची वेळ झाली म्हणून निघून गेले.